तापते शहर आणि गर्भिणीचे सौमनस्य

गर्भिणीने प्रसन्न असावे हा उपदेश आपल्या समाजात इतका जुना आणि इतका सर्वमान्य आहे की, तो करताना आपण काही उपदेश करीत आहोत याची जाणीवही उपदेशकाला राहत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात कोणत्या कार्यासाठी कोणती गोष्ट सर्वश्रेष्ठ याची जी दीर्घ यादी आहे, तीत गर्भाच्या धारणेसाठी मनाच्या प्रसन्नतेला, म्हणजे सौमनस्याला, अग्रस्थान दिले आहे. आणि सुश्रुताने तर चौथ्या महिन्यापासून गर्भिणीच्या देहात दोन हृदये नांदू लागतात असे सांगून, तिच्या इच्छा अतृप्त राहिल्यास गर्भाला अपाय होतो असा इशाराही देऊन ठेवला आहे. आपल्याकडचे डोहाळजेवण, कन्नड घरांतील सीमंत, ग्रहण न पाहण्याचा दंडक, मयताच्या घरी न जाण्याचा शिरस्ता, आणि अलीकडे शहरोशहरी भरणारे गर्भसंस्कारांचे वर्ग ही सारी त्याच एका श्रद्धेची लौकिक रूपे होत. या श्रद्धेत एक गृहीत होते, ते असे की, अशुभ वार्ता बाहेरून येते आणि दार लावून घेतले म्हणजे ती बाहेर राहते. आजची अडचण अशी आहे की, ज्या वार्तेने मन कातर होते ती घरातल्या नळातून, छतावरून उतरणाऱ्या उष्म्यातून आणि उशाशी ठेवलेल्या फोनमधून येते. तिच्यापुढे दाराची कडी चालत नाही.

ही अडचण जिथे विशेष स्पष्ट दिसते असे शहर म्हणजे बंगळूर. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर वसलेल्या या गावाने आपल्या हवेचा लौकिक शतकानुशतके सांभाळला होता. १६३८ नंतर आदिलशाहीकडून शहाजीराजांना येथील जहागीर मिळाली, बाल शिवाजी काही काळ येथे राहिले, आणि त्या काळापासून पेठेत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपासून ते संगणकाच्या धंद्यात पुण्या-नागपुराहून आलेल्या तरुण जोडप्यांपर्यंत मराठी माणसाने या गावाविषयी जे कौतुक बोलून दाखविले, त्यात येथील हवेला नेहमीच पहिला मान राहिला. निवृत्तांचा स्वर्ग अशी या गावाची ख्याती होती, आणि पंख्यावाचून उन्हाळा काढल्याच्या गोष्टी सांगणारी वडीलधारी मंडळी आजही भेटतात. अशा शहरात २४ एप्रिल २०१६ रोजी पारा ३९.२ अंशांवर गेला. नागपूरकराला हा आकडा किरकोळ वाटेल. पण उष्णतेचा त्रास केवळ आकड्यावर ठरत नाही. ज्या घरांची बांधणी, ज्या माणसांच्या सवयी आणि ज्या इस्पितळांच्या खोल्या थंड हवेचा भरवसा धरून घडलेल्या असतात, त्यांना अडतीस अंशही परके आणि निर्दय वाटतात.

२०२४ च्या माघात या शहरात जिला दिवस गेले आणि दिवाळीच्या सुमारास जी प्रसूत झाली, अशा कोणत्याही स्त्रीचे नऊ महिने डोळ्यांपुढे आणले, तर या विषयाचे गांभीर्य वेगळे सांगावे लागत नाही. तिला मळमळ सुरू झाली त्या मार्च महिन्यात, शहरातील सुमारे तेरा हजार नऊशे सरकारी कूपनलिकांपैकी सहा हजार नऊशे कोरड्या पडल्याचे उपमुख्यमंत्र्यांनी जाहीर केले. पिण्याच्या पाण्याने मोटार धुणाऱ्यास पाच हजार रुपये दंड करण्याचे फर्मान पाणीपुरवठा मंडळाने काढले, आणि टँकरचे दर जिल्हा प्रशासनाला ठरवून द्यावे लागले. तिचा तिसरा महिना सरत होता तेव्हा, २८ एप्रिलला, तापमान ३८.५ अंशांवर पोहोचले. २ जूनला एकाच दिवसात १११ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि जून महिन्यातील एका दिवसाच्या पावसाचा १८९१ पासूनचा विक्रम मोडला. सप्टेंबरच्या आरंभी राज्य सरकारने डेंग्यूला साथीचा रोग म्हणून अधिसूचित केले. १६ ऑक्टोबरला कावेरीचे अधिक पाणी शहराला देणाऱ्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले, आणि त्यानंतर आठवडा उलटण्याच्या आत येलहंक्यातील एका मोठ्या निवासी संकुलात इतके पाणी शिरले की, रहिवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. फाल्गुनात टँकरची प्रतीक्षा आणि आश्विनात होडीची, असा हा एका गर्भारपणाच्या मुदतीतला प्रवास होता. यांतील प्रत्येक घटनेचे खापर केवळ हवामानबदलावर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. तळी बुजविली गेली, नाले अडविले गेले, भूजल बेसुमार उपसले गेले, हाही त्यात मोठा भाग आहे. मात्र तापत्या हवेत बाष्प अधिक मावते, पाऊस थोड्या वेळात अधिक कोसळतो आणि मधले कोरडे दिवस वाढतात, हा जो जगभराचा अनुभव आहे, त्याने या स्थानिक चुकांची किंमत वाढवून ठेवली आहे.

या साऱ्याचा गर्भिणीच्या देहावर परिणाम होतो तो कसा, हे प्रथम पाहिले पाहिजे. गर्भारपणात शरीरातील रक्ताचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, हृदयाचे काम वाढते, आणि वाढत्या गर्भाच्या चयापचयाची उष्णताही मातेच्याच देहाला बाहेर टाकावी लागते. बाहेरची हवा तापलेली असली म्हणजे देह थंड राखण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, घामावाटे पाणी जाते, आणि वारेकडे जाणाऱ्या रक्तप्रवाहाला ओढ लागण्याचा संभव निर्माण होतो. २०२० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २७ देशांतील ७० अभ्यासांचा जो एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात तापमान एका अंशाने वाढले की अकाली प्रसूतीचा संभव सुमारे पाच टक्क्यांनी आणि उष्णतेच्या लाटेत सुमारे सोळा टक्क्यांनी वाढतो असे आढळले. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेतील संशोधकांनी तामिळनाडूतील ८०० कष्टकरी गर्भवतींचा अभ्यास केला, त्यात कडक उष्ण जागी काम करणाऱ्या स्त्रियांत गर्भपाताचे प्रमाण इतरांच्या दुपटीच्या घरात गेलेले दिसले. नोव्हेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांच्यासह, हवामानाच्या आराखड्यांत गर्भवती आणि अर्भके यांची पुरेशी दखल घेतली जात नाही, अशी तक्रार जगापुढे मांडली.

आता हेच आकडे एखाद्या पाचव्या महिन्यातील स्त्रीच्या हाती तसेच्या तसे ठेवले तर काय होईल? ती घाबरेल; आणि ते घाबरणे अज्ञानाचे नसून अर्धवट ज्ञानाचे असेल. भारतात शंभर जन्मांपैकी सुमारे तेरा अकाली होतात. त्या संभवात पाच टक्क्यांची वाढ म्हणजे शंभरांमागे एकाहूनही कमी, अर्ध्याच्या आसपास, अशी भर पडते. एका मातेच्या दृष्टीने हे भय अत्यल्प आहे, आणि पाणी, सावली व विश्रांती मिळाली तर ते आणखी कमी होते. परंतु ज्या देशात दरसाल दोन कोटींहून अधिक मुले जन्मतात, त्या देशाच्या आरोग्यखात्याच्या दृष्टीने तीच अर्ध्याची भर लाखाच्या पुढे जाते. आकडा एकच, परंतु स्त्रीला तो धीर देतो आणि राज्यकर्त्याला कर्तव्याची आठवण करून देतो. हवामानाचे शिक्षण म्हणून आज जे काही वर्तमानपत्रांतून आणि फोनवरून वाटले जाते, त्यात नेमकी उलटापालट झालेली असते: भय स्त्रीच्या वाट्याला येते आणि निश्चिंती कारभाऱ्यांच्या.

मनाचा प्रश्न येथून सुरू होतो. हवामानामुळे येणारी मनाची व्यथा दोन वाटांनी येते. एक वाट प्रत्यक्ष आपत्तीची. १९९८ च्या जानेवारीत कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात बर्फमिश्रित पावसाने विजेचे जाळे कोसळले आणि लाखो घरे, काही तर चाळीस दिवसांहून अधिक काळ, कडाक्याच्या थंडीत अंधारात राहिली. त्या वेळी गर्भवती असलेल्या स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा मॅक्गिल विद्यापीठाच्या सुझान किंग यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. मातेने सोसलेल्या हालअपेष्टा जितक्या अधिक, तितका मुलांच्या भाषेवर आणि बौद्धिक विकासावर त्याचा ठसा अधिक, असे त्यांना आढळले. दुसरी वाट जाणिवेची. आपत्ती आपल्यावर आलेली नसते, पण ती येणार, आणि आपण ज्या जिवाला जगात आणीत आहोत त्याच्यावर ती आपल्यापेक्षा अधिक वेळा येणार, ही जाणीव मनाला आतून कुरतडते. २०२१ साली दहा देशांतील, त्यांत भारतही आला, १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांची जी पाहणी प्रसिद्ध झाली, तीत ५९ टक्क्यांनी हवामानाची अतिशय काळजी वाटत असल्याचे सांगितले, आणि ३९ टक्क्यांनी मूल होऊ द्यावे की नाही याविषयी मन कचरत असल्याची कबुली दिली. त्या पाहणीतील तरुण मुलींपैकी अनेकजणी आज माता होण्याच्या वयात आल्या आहेत. अशी काळजी हा रोग नव्हे. वास्तवाची चाहूल लागलेल्या बुद्धीची ती स्वाभाविक प्रतिक्रिया होय. तिचा रोग होतो तो तिला बोलण्यास जागा आणि करण्यास काम मिळाले नाही म्हणजे.

शिवाय ही काळजी मोकळ्या जमिनीवर पडत नाही. भारतात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचे प्रमाण, निरनिराळ्या अभ्यासांचे एकत्रीकरण करून २०१७ साली जे काढण्यात आले, ते सुमारे २२ टक्के आहे, म्हणजे पाच मातांमध्ये एकीहून अधिक. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील इस्पितळात येणाऱ्या गर्भवतींचा प्रसूतीनंतरही मागोवा घेऊन २००२ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातही प्रमाण २३ टक्के निघाले. आणि त्यामागची कारणे कोणती, तर दारिद्र्य, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे. हवामान या कारणांत नवे कारण म्हणून मागाहून येऊन बसत नाही. असलेल्याच कारणांवर ते भार टाकते. पाण्याची टंचाई झाली की घागरी कोण भरणार यावरून घरात कटकट होते. पुरात हातगाडी गेली की दारिद्र्य वाढते. उकाड्याने झोप मोडली की आधीच थकलेले मन अधिक खचते. कलबुर्गी, यादगीर, रायचूर या अवर्षणग्रस्त जिल्ह्यांतून बंगळूरच्या बांधकामांवर आलेल्या आणि निळ्या ताडपत्रीखाली संसार मांडणाऱ्या मजूर स्त्रीला, किंवा बीडहून उसाच्या फडात कोयता घेऊन उतरणाऱ्या आपल्याकडच्या गर्भार स्त्रीला, हवामानबदलाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नसते. तिचे स्थलांतर हाच त्या धड्याचा पहिला परिच्छेद असतो. तिला हवी असते ती सावली, पाणी, मजुरी न बुडता मिळणारी विश्रांती, आणि तिचे ऐकून घेणारे कोणी तरी.

ऐकून घेण्याचे शास्त्र भारतात ज्या ठिकाणी विशेष आस्थेने वाढविले गेले, ते ठिकाण याच शहरात होसूर रस्त्यावर आहे, हा योगायोग उपकारक म्हटला पाहिजे. म्हैसूर संस्थानच्या मनोरुग्णालयाच्या पायावर १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली, आणि १९७४ साली दोहोंचे एकत्रीकरण होऊन निम्हान्स जन्मास आली. प्रसूतीच्या आगेमागे ज्या स्त्रियांना गंभीर मानसिक आजार होतो, त्यांना तान्ह्या बाळासह दाखल करून घेणारा माता-बाल विभाग या संस्थेने २००९ साली सुरू केला. दक्षिण आशियातील तो या प्रकारचा पहिला विभाग होता. डॉ. प्रभा चंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविलेल्या या विभागात आईवर उपचार चालू असताना बाळ तिच्यापाशी राहते, घरची एक स्त्री दोघांच्या सोबतीला राहते, आणि औषधाइतकीच मेहनत आई व बाळ यांच्यातील नात्यावर घेतली जाते. वेड्या बाईपासून मूल दूर ठेवावे, ही जी समजूत घराघरांत होती, तिला या विभागाने प्रत्यक्ष कृतीने उत्तर दिले. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही, तीन वर्षांच्या आतील मूल उपचार घेणाऱ्या आईपासून सामान्यतः वेगळे केले जाऊ नये, अशी तरतूद झाली. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ या नावाने १४४१६ या क्रमांकावर जी मोफत दूरध्वनी सेवा देशभर चालते, तिचेही मध्यवर्ती केंद्र निम्हान्सच आहे, आणि तीवर मराठीतही बोलता येते. बंगळूरात एकट्या पडलेल्या मराठी गर्भवतीने हा क्रमांक लिहून ठेवावा.

एवढी तयारी असलेल्या शहरात गर्भवतींना हवामानाचे शिक्षण द्यावे की देऊ नये, यावर दोन मते ऐकू येतात. वडीलधारी बाई म्हणते, या दिवसांत असले काही तिच्या कानी घालूच नका. उत्साही कार्यकर्ता म्हणतो, पुढची पिढी तिच्या उदरात आहे, तेव्हा सर्वांत आधी तिलाच जागे करा. पहिल्या मतात माया आहे, पण ती मुक्या भयाला जन्म देते. कारण जी गोष्ट सर्वांना दिसते आणि कोणी बोलत नाही, ती मनात दुप्पट मोठी होते. दुसऱ्या मतात तळमळ आहे, पण ती जगाच्या तापाचा सारा हिशेब एका थकलेल्या देहापुढे मांडते. या दोहोंमधला मार्ग २०११ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये आलेल्या महापुराने दाखवून दिला. त्या पुरात सापडलेल्या गर्भवतींपैकी ज्यांना आरंभापासून प्रसूतीपर्यंत एकाच परिचित सुईणीची सोबत होती, त्यांच्या प्रसूतीनंतरच्या मनःस्थितीवर पुराच्या ताणाची छाया इतरांपेक्षा कमी पडली. त्या सुईणीने पूर ओसरविला नव्हता. पण कोणाला विचारायचे, कोठे जायचे, आपली नोंद कोणापाशी आहे, या प्रश्नांची उत्तरे त्या स्त्रीला ठाऊक होती. ज्ञान जेव्हा एखाद्या करता येण्याजोग्या कामासह आणि एखाद्या ओळखीच्या माणसाच्या तोंडून येते, तेव्हा त्याने धीर येतो. एरवी त्याचे ओझे होते.

असे शिक्षण फार अवघड नाही, आणि त्याला वेगळ्या पाठ्यपुस्तकाचीही गरज नाही. उन्हाळ्यात अकरा ते चार या वेळात बाहेरचे काम टाळावे, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे, लघवीचा रंग गडद झाला तर देहाला पाणी कमी पडत आहे असे समजावे. डोके गरगरणे, अंग तापणे, पोटात कळा येणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काही झाले तर उद्याची वाट पाहू नये. टंचाईत पिंपे भरून ठेवावी लागतात, पण ती झाकलेली असावीत; कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो आणि दिवसा चावतो, आणि गर्भारपणात डेंग्यू विशेष धोक्याचा असतो. ज्या भागात पाणी तुंबते, तेथील स्त्रीने आठव्या महिन्यापूर्वीच दुसरे इस्पितळ आणि दुसरा रस्ता ठरवून ठेवावा, तपासण्यांचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून हाताशी ठेवावेत, आणि नवमास भरत आले असता पुराचा इशारा मिळाला तर पाणी चढण्याआधी कोरड्या जागी मुक्काम हलवावा. फोनवरील बातम्यांना दिवसाची एक वेळ ठरवून द्यावी, आणि ती झोपेच्या आधीची नसावी.

मराठी कुटुंबांसाठी यात आणखी एका मुद्द्याची भर घातली पाहिजे. पहिल्या बाळंतपणाला मुलीने माहेरी जावे, ही आपली रीत मायेची आहे, आणि ती मोडावी असे कोणी म्हणणार नाही. पण बंगळूरच्या सौम्य हवेत सात महिने काढलेली मुलगी वैशाखात नागपूरला, चंद्रपूरला किंवा नांदेडला जाते, तेव्हा ती एकाएकी चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात उतरते, आणि देहाला त्या उन्हाची सवय होण्यास अवधी मिळत नाही. मुहूर्त पाहताना आपण तिथी आणि वार पाहतो. आता ऋतूही पाहावा. प्रसूती मे महिन्यात असेल तर आईनेच लेकीकडे येऊन राहावे, किंवा जायचेच असेल तर उन्हाळा चढण्यापूर्वी जावे, प्रवास रात्रीचा करावा, आणि माहेरची खोली गच्चीखालची नसेल याची आधीच तजवीज करावी. एवढा विचार घरातल्या बैठकीत चारजणांनी मिळून केला, तर हवामानाचे शिक्षण त्या घरात पोहोचले असे समजायला हरकत नाही.

गच्चीखालची खोली हा मुद्दा क्षुल्लक नव्हे. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला, तेव्हा शारदाबेन इस्पितळात उष्णतेने बाधलेली अर्भके मोठ्या संख्येने अतिदक्षता विभागात दाखल होऊ लागली. प्रसूतिकक्ष इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली होता. पुढे तो खालच्या मजल्यावर हलविण्यात आला, आणि नंतरच्या उन्हाळ्यांत उष्णतेमुळे दाखल होणाऱ्या अर्भकांचे प्रमाण लक्षणीय उतरले. तीन वर्षांनी त्या शहराने दक्षिण आशियातील पहिला उष्णता कृती आराखडा केला. या प्रकरणात मातांना कोणी काही शिकविले नाही. शिकले ते इस्पितळाचे व्यवस्थापक आणि शहराचे कारभारी. गर्भारपण आणि हवामान यांच्या शिक्षणाची चर्चा करताना विद्यार्थिनी म्हणून आपण नेहमी गर्भवतीलाच बाकावर बसवितो. पण तिच्या आधी त्या बाकावर बसायला हवेत असे पुष्कळजण आहेत.

पहिला क्रमांक पतीचा. टँकर कधी येणार, पिंपांवर झाकण कोणी ठेवायचे, सरकारी दवाखान्यातील उन्हातली रांग कोणी धरायची, ही कामे त्याने आपण होऊन उचलली तर त्याने वाचलेल्या दहा लेखांपेक्षा त्याचे शिक्षण अधिक झाले. दुसरा क्रमांक सासू आणि आई यांचा. कारण मनातले बोलायला मोकळीक आहे की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर ठरते. ‘असे काही मनात आणू नकोस’ या वाक्याने मुलीचे तोंड बंद होते. ‘तुला नेमकी कशाची भीती वाटते, ते सांग’ या वाक्याने ते उघडते. भीती, रडू, निद्रानाश किंवा अन्नावरची वासना उडणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, किंवा जगणे नको असे वाटू लागले, तर तो हवामानाचा विषय राहत नाही, वैद्यकाचा होतो. आणि तेथे संकोच करू नये. तिसरा क्रमांक दवाखान्याचा. १९८७ साली एडिंबरोत तयार झालेली अवघ्या दहा प्रश्नांची प्रश्नावली, जी कन्नडात आणि मराठीतही उपलब्ध आहे, परिचारिकेला पाचदहा मिनिटांत विचारता येते, आणि तिने कोणत्या स्त्रीकडे अधिक लक्ष द्यावे हे ध्यानात येते.

चौथा क्रमांक शासनाचा, आणि त्याच्याजवळ साधनांची वाण नाही. कर्नाटकात प्रत्येक गर्भवतीला तिच्या तपासण्यांची नोंद ठेवणारे तायी कार्ड, म्हणजे मातेचे कार्ड, मिळते. २०१७ च्या गांधीजयंतीपासून मातृपूर्ण योजनेत अंगणवाडीत तिला एक वेळचे गरम जेवण देण्याची व्यवस्था आहे. आणि २०१६ पासून पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या नऊ तारखेला देशभर गर्भवतींची तपासणी होते. बंगळूर महानगरपालिकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये हवामान कृती आराखडाही प्रसिद्ध केला. आरोग्याचे दप्तर एका कचेरीत, अंगणवाडीचे दुसऱ्या आणि हवामानाचे तिसऱ्या, अशी ही विभागणी आहे. ती दप्तरे एकत्र वाचली गेली, तर फारसा नवा खर्च न करता पुष्कळ होण्यासारखे आहे. नऊ तारखेच्या तपासणीत वजन आणि रक्तदाब यांच्यापाठोपाठ, घरी पाणी किती वाजता येते, छप्पर पत्र्याचे आहे का, पावसात वस्ती तुंबते का, झोप लागते का, हे चार प्रश्न विचारून उत्तरे कार्डावर नोंदविली, तर उष्णतेचा किंवा पुराचा इशारा आल्याबरोबर आशा कार्यकर्तीने प्रथम कोणत्या दारी जायचे याची यादी तयारच असेल. शिवाय दर महिन्याला तीच आशा, तीच परिचारिका भेटत राहील अशी नेमणुकांची व्यवस्था केली, तर क्वीन्सलँडच्या सुईणीने जे साधले ते येथेही साधण्यास अडचण नसावी.

या विषयात एक धोका मात्र सतत डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे. पूर्वी ग्रहण पाहिले म्हणून मुलाला व्यंग आले असे म्हणत. उद्या, तू फार काळजी केलीस म्हणून मुलाची बुद्धी खुंटली, असे म्हणण्यास क्वेबेकच्या संशोधनाचा आधार घेतला जाईल. त्या संशोधनाचा असा अर्थ काढणे हा अन्याय आहे. तेथे ज्या ठशाविषयी सांगितले आहे तो प्रामुख्याने सोसलेल्या हालांचा आहे, आणि ते हाल वीज, ऊब व आसरा वेळेवर न मिळाल्याचे होते. शिवाय असे निष्कर्ष शेकडो मुलांच्या सरासरीचे असतात, एका मुलाचे भविष्य त्यांतून वाचता येत नाही. ज्या स्त्रीने भयाचे दिवस काढले तिने आपण बाळाचे काही नुकसान केले असे मानू नये, आणि इतरांनीही तिला तसे मानावयास लावू नये.

सुश्रुताने गर्भिणीच्या इच्छा पुरविण्याचे काम गर्भिणीवर सोपविले नव्हते; ते तिच्या आप्तांचे कर्तव्य होते. चरकाने ज्या सौमनस्याला अग्रस्थान दिले, त्याचाही अर्थ तिने हसतमुख राहण्याची सक्ती असा कधीच नव्हता. मधल्या काळात ते कर्तव्य हळूहळू आपण तिच्याच माथी मारले, आणि आता हवामानाची काळजीही तेथेच ठेवू पाहत आहोत. आप्त या शब्दात आज घराबरोबर इस्पितळाचा, कंत्राटदाराचा, पाणीपुरवठा मंडळाचा आणि महापालिकेचाही समावेश केला पाहिजे. वैशाखाच्या दुपारी बांधकामावरच्या गर्भार मजुरणीला भरपगारी विसावा मिळणे, प्रसूतिगृहाच्या छतावर पांढरा लेप असणे, वस्तीच्या नळाला ठरल्या वेळी पाणी येणे, आणि मनातले भय सांगणाऱ्या बाईला ‘वेडी आहेस’ असे उत्तर न मिळणे, ही सौमनस्याची आजची साधने होत. ज्या घरांनी आणि ज्या कचेऱ्यांनी ती पुरविली नाहीत, त्यांना गर्भिणीला प्रसन्न राहण्याचा उपदेश करण्याचा अधिकार उरत नाही.